कलचाचणीचे अहवाल हातात आहेत, आता ३८ मुलांशी बोलायचं कसं?

फळा-खडू

नमस्कार मंडळी. १५-१६ वर्षांच्या ३८ मुलांचा वर्ग आहे आणि करिअर मार्गदर्शनाची जबाबदारी वर्गशिक्षक म्हणून माझ्याकडे आहे. आठवड्याला ४५ मिनिटांचा एक तास, असे १० तास मिळणार आहेत. सगळ्यांची कलचाचणी झालेली आहे. प्रत्येक अहवालाच्या शेवटच्या पानावर आठ-दहा व्यवसायांची यादी आहे आणि मुलं (पालकही) तेवढंच पान वाचतात. निम्म्याहून अधिक मुलं फिरून फिरून त्याच तीन-चार व्यवसायांची नावं घेतात, बाकीची "माहीत नाही" म्हणतात.

विचारायचं असं: १० तास कसे वापरावेत? चाचणीच्या आकड्यांवर किती भिस्त ठेवावी? आणि "माहीत नाही" म्हणणाऱ्या मुलाला नेमकं काय विचारावं? व्याख्यानं नकोत, वर्गात करता येईल असं काहीतरी सांगा.

---

उंबरठा

सर, आधी एक गोष्ट: "माहीत नाही" हे एकच उत्तर नाही, त्यामागे निरनिराळ्या अडचणी असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा. मानसशास्त्रज्ञ इतामार गती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये निर्णयातल्या अडचणींची जी वर्गवारी मांडली, ती वर्गात फार कामाला येते. तिचे तीन मोठे गट आहेत. पहिल्या गटातलं मूल मुळात निर्णयाला बसलेलंच नसतं: घाई वाटत नाही, कुठलाच निर्णय पटकन होत नाही, किंवा "एकदा चुकलं की आयुष्य संपलं" असं काहीतरी डोक्यात बसलेलं असतं. दुसऱ्याकडे माहिती कमी असते, स्वतःबद्दल, कामांबद्दल किंवा ठरवायचं कसं याबद्दल. तिसऱ्याकडे माहिती भरपूर असते पण ती एकमेकींशी भांडत असते, म्हणजे मनात दोन ओढी, किंवा मनात एक आणि घरी दुसरं.

आता होतं काय, की आपण तिघांनाही माहितीचं व्याख्यान देतो. दुसऱ्या गटाला त्याचा उपयोग होतो, पहिला गट ऐकतच नाही, आणि तिसऱ्याचा गोंधळ वाढतो.

म्हणून पहिल्या तासाला एक कागद द्या, चार प्रश्नांचा: सध्या मनात असलेले पर्याय कोणते (शून्य चालेल)? त्यातल्या प्रत्येक कामात माणूस दिवसभर काय करतो, हे तीन वाक्यांत लिही. कशामुळे अडलंय? घरचं मत काय? कागद घरी नेऊन तीन गठ्ठे करा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं असतं. "लोकांना मदत करतात" एवढंच लिहिलं असेल, तर मुलाकडे व्यवसायाचं फक्त नाव आहे, काम नाही.

वेळेचं गणितही याच गठ्ठ्यांवरून बसतं. समजा १२ मुलांचं बरंचसं ठरलंय आणि त्यांना कामाची माहितीही आहे: प्रत्येकी ५ मिनिटं, एकूण ६०. माहिती कमी असलेली १६: चार-चारचे चार गट, प्रत्येक गटाला २० मिनिटं, एकूण ८०. अडकलेली किंवा घराशी मत न जुळणारी १०: एकेकट्याने २० मिनिटं, एकूण २००. बेरीज ३४० मिनिटं, आणि आठ तासांची होतात ३६०. बाकीचा वर्ग त्या वेळी लेखी काम करतो. पहिला तास कागदाला, शेवटचा आढाव्याला. तासांची फोड तुमच्या आकड्यांप्रमाणे बदला, पण सगळ्यांना सारखी १० मिनिटं देऊ नका. ज्याला गरज नाही त्याला ती जास्त होतात आणि ज्याला आहे त्याला पुरत नाहीत.

लेखी कामावर माझा जोर आहे, त्याला कारण आहे. ब्राउन आणि रायन क्रेन या संशोधकांनी २००० साली मार्गदर्शनाच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा पाच गोष्टींनी फरक पडताना दिसला: लेखी स्वाध्याय, प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या निकालावर मिळणारा अभिप्राय, कामांच्या जगाची माहिती, त्या वाटेने गेलेली माणसं समोर दिसणं, आणि घरच्यांचा वगैरे आधार उभा करणं. नुसता चाचणीचा अहवाल हातात ठेवणं यात कुठेच बसत नाही.

आता प्रश्न काय विचारायचे. "तुला काय आवडतं?" हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण मूल विषयाचं नाव सांगून मोकळं होतं. आवड विषयात कमी आणि कृतीत जास्त असते. उदाहरणार्थ मूल म्हणतं, "मला कॉम्प्युटर आवडतो." तिथे थांबू नका.

"शेवटचं कधी बसलास? काय केलंस?"
"व्हिडिओ बनवला."
"त्यातलं कुठलं काम? शूटिंग, कापाकापी, आवाज, की टाकल्यावर लोकांशी बोलणं?"
"कापाकापी. कुठे तोडायचं ते."
"कंटाळा कशाचा आला?"
"नावं टाकायचा. आणि चालत नव्हतं तेव्हा सेटिंग शोधायचा."

झालं. कॉम्प्युटर या शब्दाने हे मूल प्रोग्रामिंगकडे ढकललं गेलं असतं. इथे दिसतंय ते असं की क्रम आणि लय जमवण्यात त्याचं मन लागतं आणि यंत्राची अडचण सोडवण्यात लागत नाही. याला पुष्टी दुसऱ्या जागेहून मिळते का बघायचं: निबंध पुन्हा लिहायला आवडतो का, वर्गाचा कार्यक्रम बसवताना तो कुठलं काम उचलतो? एका प्रसंगावरून ठरवू नका. वेगवेगळ्या तीन ठिकाणी तीच कृती आली की नोंद करा.

---

मापपट्टी

चाचणीबद्दल लिहितो. उंबरठा यांनी बोलण्याबद्दल जे सांगितलंय त्याला पूर्ण दुजोरा, पण अहवाल बाजूला ठेवायचं कारण नाही. तो वाचता आला पाहिजे, इतकंच.

सगळ्यात आधी पाहा, चाचणी कशाची आहे. कलचाचणी आवड मोजते, अभिक्षमता चाचणी कुवत मोजते, आणि व्यक्तिमत्त्व चाचणी यातलं काहीच मोजत नाही. बऱ्याच अहवालांत तिन्ही एकाच पानावर रंगीत पट्ट्यांत येतात आणि वाचणारा त्यांची सरमिसळ करतो. यांत्रिक कामाची आवड ८० आहे याचा अर्थ हात चांगला चालतो असा होत नाही. चार अक्षरी 'प्रकार' सांगणारी व्यक्तिमत्त्व चाचणी असेल तर करिअर निवडायला ती वापरूच नका. मधल्या रेषेच्या किंचित इकडे-तिकडे असलेल्या मुलाला ती पूर्ण वेगळ्या खणात टाकते आणि काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर खण बदलू शकतो.

दुसरं, पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ७० पर्सेंटाइल म्हणजे तुलनेच्या गटातल्या १०० पैकी सुमारे ७० जणांपेक्षा गुण जास्त. तो गट कोणता, कुठल्या वयाचा, कधी मोजलेला, हे अहवालाच्या सुरुवातीला किंवा माहितीपुस्तिकेत असायला हवं. नसेल तर चाचणी देणाऱ्यांना विचारा. मोठ्यांच्या गटाशी तुलना केलेली असेल तर १५ वर्षांच्या मुलाचा आकडा फसवा आहे. शिवाय मधल्या भागात पर्सेंटाइल झपाट्याने बदलतात: दोन-तीन प्रश्नांची उत्तरं वेगळी दिली तरी ४५ चे ५५ होतात. टोकांना तसं होत नाही.

तिसरं, आणि हेच सर्वांत जास्त चुकतं: जवळजवळच्या आकड्यांची चढाओढ लावणं. प्रत्येक आकड्याला मापनाची चूक असते. सरासरी ५० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेत ते) १० असलेली मोजपट्टी धरा, विश्वसनीयता गुणांक (पुन्हा मोजलं तर आकडा किती तसाच येतो ते, १ म्हणजे अगदी तोच) ०.८४. मापनाची प्रमाण चूक येते १० गुणिले ०.१६ चं (१ वजा ०.८४) वर्गमूळ, म्हणजे ४. दोन पट्ट्यांमधल्या फरकाची चूक आणखी मोठी, साधारण ५.७. आता 'शोधक' ५८ आणि 'कलात्मक' ५५ असेल (हे आवडीचे प्रकार, खाली सांगतो), तर पहिला कोण हे त्या चाचणीला सांगताच येत नाही. दोन्ही समान धरा. दहा-बारा गुणांचं अंतर असेल तर बोला.

बहुतेक कलचाचण्यांचा पाया मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ पासून मांडलेले सहा प्रकार हाच असतो. ते षटकोनाच्या कोपऱ्यांवर या क्रमाने बसतात: वास्तवनिष्ठ (हात, हत्यारं, यंत्र, झाडं, जनावरं), शोधक (का आणि कसं), कलात्मक, सामाजिक (शिकवणं, शुश्रूषा, सल्ला), उद्यमी (पटवणं, विकणं, चालवणं), आणि व्यवस्थाप्रिय (नोंदी, आकडे, नियम). शेजारचे प्रकार एकमेकांसारखे, समोरासमोरचे सर्वांत वेगळे. मुलाचे वरचे दोन प्रकार शेजारी असतील तर त्याला बसतील अशी कामं भरपूर सापडतात. समोरासमोर असतील, समजा कलात्मक आणि व्यवस्थाप्रिय, तर "अहवाल चुकला" म्हणू नका. अशी कामं कमी असतात पण असतात: संपादन, अभिलेखागारातलं काम, ग्रंथांची मांडणी. आणि एक ओढ कामात, दुसरी छंदात, असंही बसवता येतं.

सगळ्या पट्ट्या सपाट आल्या तर? सगळ्या वर असणं आणि सगळ्या खाली असणं या दोन भिन्न गोष्टी आहेत, इथे घाई करू नका. सगळ्या खाली असतील तर उत्तरपत्रिका मागवा. सलग मधल्या रकान्यात खुणा केल्यात का ते पाहा. तसं नसेल तर मुलाने फार थोड्या गोष्टी करून पाहिलेल्या असण्याची शक्यता मोठी, कारण जे केलंच नाही ते आवडतं का हे कोण सांगणार? त्याला दुसरी चाचणी देऊन काही होणार नाही, अनुभव द्यायला हवा. क्वचित मूल मनाने खचलेलं असतं आणि काहीच आवडेनासं झालेलं असतं. खाणं, झोप, मित्र यातही फरक दिसत असेल तर करिअरचा विषय थांबवून मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञाकडे पाठवा. सगळ्या पट्ट्या वर असतील तर "हे सोडून ते करायचं असेल तर?" अशा जोड्या लावून विचारा.

शेवटच्या पानावरची व्यवसायांची यादी तर वर्गात दाखवूच नका, निदान पहिले तीन तास. ती यादी दुसऱ्या कुठल्या देशातल्या व्यवसाय-कोशावरून आपोआप निघालेली असू शकते. अमेरिकेच्या श्रम विभागाचा ओ-नेट हा कोश मोफत आहे आणि त्याची ६० प्रश्नांची छोटी कलचाचणीही आहे. पडताळणीसाठी चांगली. पण त्यातलं शिक्षण आणि पगार तिथले आहेत. प्रकार आणि कामाची वर्णनं घ्या, बाकी सोडा.

---

खिडकीपाशी

वरच्या दोघांनी मुलाची बाजू सांगितली, मी कामाच्या बाजूचं सांगते. त्याआधी एक स्वाध्याय, तुमच्या "तीच तीन-चार नावं" या अडचणीवर.

६० कार्डं करा. पुढे व्यवसायाचं नाव, मागे त्यातली दोन ठोस कामं ("रुग्णाच्या सांध्याची हालचाल मोजणं, व्यायाम करवून घेणं"). सहा प्रकारांची प्रत्येकी दहा. मुलाने १५ मिनिटांत तीन ढीग करायचे: पाहायला आवडेल, नको, सांगता येत नाही. सगळे 'आवडेल'च्या ढिगाकडे धाव घेतात, पण खरा ऐवज 'नको'च्या ढिगात असतो. तो ढीग पुन्हा मांडायला लावा, या वेळी कारणाप्रमाणे. "रक्त बघवत नाही", "एका जागी बसवत नाही" ही कारणं स्वतःबद्दलची आहेत, मान्य करा. "ते मुलींचं काम आहे", "त्यात मान नाही" ही कारणं बाहेरून आलेली आहेत.

मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये हेच मांडलं: मुलं पर्याय निवडण्याच्या किती तरी आधी खोडायला लागतात. साधारण ६ ते ८ या वयात मुलग्यांचं काम-मुलींचं काम यावरून, ९ ते १३ मध्ये प्रतिष्ठेवरून, आणि स्वतःच्या आवडीचा विचार त्यानंतर. म्हणजे तुमच्यासमोर बसलेल्या मुलाची यादी आधीच कात्री लागून आलेली आहे. बाहेरच्या कारणाने खोडलेली कार्डं उलटी करून फक्त मागची कामं वाचायला लावा, त्यातली पाच-सहा तरी 'सांगता येत नाही'च्या ढिगात परत येतात. तेवढं पुरे.

आता कामाची माहिती. वक्ते बोलावू नका असं म्हणणार नाही, पण मंचावरून माणूस आपल्या यशाबद्दल बोलतो आणि मुलाला हवं असतं कामाबद्दल. त्यापेक्षा मुलांनाच मुलाखत घ्यायला पाठवा, दोघा-दोघांच्या जोडीने, २० मिनिटांची. प्रश्न असे:

"परवाचा पूर्ण दिवस तासावार सांगाल का?" (सर्वसाधारण दिवस विचारला की माणूस चांगलं तेवढं सांगतो, ठरावीक दिवस विचारला की खरं येतं.)
"त्यातला किती वेळ एकट्याने, किती माणसांसोबत, किती कागदावर किंवा पडद्यावर?"
"कामातला कंटाळवाणा पण टाळता न येणारा भाग कुठला?"
"नवीन आलेले पहिल्या दोन वर्षांत काम सोडतात ते कशामुळे?"
"आज हे काम शिकायचं तर कुठून सुरुवात कराल? तुमच्या वेळेपेक्षा काय बदललंय?"

"तुम्हाला तुमचं काम आवडतं का?" हा प्रश्न वगळा, त्याचं उत्तर नेहमी "हो" येतं. पगारही थेट विचारू नये. "नवीन माणसाला साधारण किती मिळतात" असं विचारलं की लोक मोकळेपणाने सांगतात.

एका व्यवसायासाठी तीन माणसं गाठा: दोन-तीन वर्षं झालेला, दहाहून अधिक वर्षं झालेला, आणि ते काम सोडून गेलेला. तिसरा शोधायला त्रास होतो, म्हणून त्याला सगळे टाळतात, आणि मग मुलापर्यंत फक्त टिकलेल्यांचंच म्हणणं पोचतं. परत आल्यावर त्याच दिवशी अर्धं पान लिहायचं: काय अपेक्षा होती, काय निघालं, कुठलं काम मी रोज करू शकेन, कुठलं नाही. दोन दिवसांनी लिहिलेलं पान माणसाबद्दल असतं, कामाबद्दल नसतं.

जिथे मुलाखत जमत नाही तिथे करून पाहण्याचा छोटा तुकडा द्या. हिशेबाच्या कामाकडे ओढ आहे? एका महिन्याच्या काल्पनिक ६० नोंदी देऊन ताळा जमवायला सांगा, त्यात दोन चुका मुद्दाम पेरून. चूक शोधताना मूल चिडतं की रमतं, हे कुठल्याही चाचणीपेक्षा स्वच्छ दिसतं.

---

फळा-खडू

तिघांचेही मनापासून आभार. कार्डं करायला घेतो. दोन गोष्टी राहिल्या. पाच-सहा पर्याय उरल्यावर त्यातून निवडायचं कसं? आणि घरच्यांचं मत वेगळं असेल तर शिक्षकाने कुठवर जावं?

---

उंबरठा

निवडीबद्दल. गुणांचा तक्ता (पर्याय आडवे, निकष उभे, प्रत्येकाला वजन) सगळ्यांना माहीत असतो आणि त्यात एक ठरलेली गफलत होते: मनातला पर्याय खाली गेला की मूल वजनं बदलतं. म्हणून आधी गाळणी, मग तुलना. मुलाने पाच निकष महत्त्वाच्या क्रमाने लिहायचे (शिक्षणाची वर्षं, माणसांशी संबंध, घरापासून दूर राहणं, कामाच्या वेळा, उत्पन्नाची निश्चिती, असे) आणि प्रत्येकापुढे 'सर्वांत चांगलं' न लिहिता 'इथवर चालेल' ती मर्यादा लिहायची. पर्यायांची नावं न पाहता. मग पहिल्या निकषापासून एकेक पर्याय गाळायचा.

गाळलेल्यांवर एकदा परत नजर टाका. एखादा पर्याय एकाच निकषावर, तोही थोडक्यात गेला असेल तर विचारा: ही मर्यादा खरंच एवढी पक्की आहे का? "शिक्षण चार वर्षांपेक्षा जास्त नको" म्हणणाऱ्याचा पाच वर्षांचा आवडता पर्याय असा हकनाक जातो. उरलेल्या दोन-तीनांची खोलात तुलना करायची, तेव्हा तक्ता काढा हवा तर.

यातच प्रवेशाच्या अटी तपासा. लोक त्या शेवटी पाहतात आणि तिथेच ठेच लागते. कुठले विषय आत्ताच घ्यावे लागतात, वयाची अट, उंची, दृष्टी. रंगदृष्टीचं उदाहरण घ्या: विमान, रेल्वे, जहाज चालवण्याच्या कामांत ती तपासतात. रंगांधता मुलींपेक्षा मुलग्यांत बरीच जास्त आढळते आणि ती असलेल्या मुलाला स्वतःला अनेकदा पत्ताच नसतो. इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्यांवर पाच मिनिटांत प्राथमिक अंदाज येतो, पक्कं निदान नेत्रतज्ज्ञ करतात. हे १५ व्या वर्षी कळलं तर वाट बदलता येते, विसाव्या वर्षी फार महागात पडतं.

---

खिडकीपाशी

घरच्यांबद्दल: मुलाचा वकील होऊन पालकांपुढे बसू नका, बैठक तिथेच संपते. आणि निरोप्याही होऊ नका. तिघं एकत्र बसा, ३० मिनिटं. पहिली दहा मिनिटं पालकांना एकच विचारायचं, "हा मार्ग घेतला तर तुम्हाला काय चुकेल असं वाटतं?" पर्यायाचं नाव बाजूला पडतं आणि काळजी वर येते: पैसे पुरणार नाहीत, मूल दूर जाईल, काम मिळणार नाही, नातेवाइकांत नाव खाली जाईल. पहिल्या तिन्हींवर माहिती गोळा करता येते, म्हणून त्या लिहून घ्या आणि मुलाला कामाला लावा. तीन आठवड्यांत खर्चाचा पूर्ण आकडा (शुल्क, राहणं, साहित्य, प्रवास), शिष्यवृत्त्यांची यादी मुदतीच्या तारखांसकट, आणि त्या क्षेत्रातल्या दोन माणसांच्या मुलाखतींची पानं. चौथ्या काळजीवर वाद घालू नका. त्या क्षेत्रात स्थिरावलेल्या माणसाची पालकांशी गाठ घालून देणं हाच त्यातल्या त्यात चालणारा उपाय आहे.

मुलगा किंवा मुलगी तयारीचं काम करत असेल तर पालकांचा सूर बहुधा मऊ होतो. करत नसेल, तीन आठवड्यांनी पान कोरंच आलं, तर तीही माहितीच आहे. ओढ होती ती त्या कामाची, की पालकांनी सुचवलेलं टाळण्याची, हे आता मुलाशी एकट्याने बोलायचं.

---

मापपट्टी

एक पुरवणी, नोंदींबद्दल. प्रत्येक मुलाची एक पातळ फाइल ठेवा: पहिला कागद, कार्डांच्या तिन्ही ढिगांची यादी, मुलाखतींची पानं, गाळणीचा तक्ता, सगळ्यांवर तारीख. मूळ प्रती मुलाकडे. वर्गासमोर कुणाचेही आकडे वाचू नका. पालकांशी काय बोलणार आहात ते मुलाला आधी सांगा.

या वयात आवडी अजून स्थिरावत असतात, तेव्हा सहा महिन्यांनी तीच कार्डं पुन्हा लावून घ्या आणि जुन्या यादीशी ताडून पाहा. दोन्ही वेळा 'आवडेल'मध्ये आलेली कार्डं वेगळ्या रंगाने खूण करा. पुढचे विषय निवडायचा अर्ज भरायच्या आधी ही फेरी व्हायला हवी, म्हणून अर्जाची शेवटची तारीख काढून तिथून उलटं मोजत जा. मधे परीक्षा येत असतील तर त्यांच्या आधीचा आठवडा टाळा, त्या दिवसांत मुलं एकूण एक कार्ड 'नको'त टाकतात.